मलम वर लागतं, मार खाली बसतो

गेल्या महिन्यात एकाच दिवशी दोन पेशंट आले. सकाळी एक सव्वीस वर्षांची मुलगी आईबरोबर आली. चेहऱ्यावरचा स्कार्फ सोडायला ती तयार नव्हती. सोडला तेव्हा दिसलं, गाल लालबुंद, त्यांवर बारीक लाल शिरांचं जाळं, हनुवटीवर पुटकुळ्या आणि वरच्या ओठावर वाढलेली लव. आईनं पिशवीतून पाच ट्यूबा काढून टेबलावर मांडल्या. "लग्नाचं बघतोय ना डॉक्टर, म्हणून रंग उजळायला आणली होती. पहिले दोन महिने काय छान दिसत होती! आता लावली नाही तर आगआग होते, आणि लावली तर हे असं."

"कुणी लिहून दिली होती?"

"कुणीच नाही. मेडिकलमध्ये मिळते की."

किती दिवस लावली? दीड वर्ष.

संध्याकाळी एक रिक्षाचालक आले. जांघेत गजकर्ण, नऊ महिन्यांपासून. मलम लावलं की खाज थांबते, थांबवलं की दुप्पट पसरतं. तपासलं तर जांघेतली कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ झालेली आणि तिच्यावर बोटभर रुंद जांभळ्या रेघा, गरोदरपणात पोटावर पडतात तशा. त्या रेघा आता जन्मभर राहणार. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पण साहेब, साधं मलमच तर लावत होतो."

हे "साधं मलम" ऐकून मला राग येतो. पेशंटचा नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीचा. हा लेख त्या रागातूनच लिहिलेला आहे, हे आधीच सांगतो. या दोघांना वाटत होतं की आपण कातडीवर काहीतरी लावतोय. प्रत्यक्षात ते कातडीच्या खाली राहणाऱ्या एका पेशीला रोज दोन वेळा मार देत होते. त्या पेशीचं नाव बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं. म्हणून आधी तिची ओळख करून घेऊ, मग भांडू.

कातडीचा कारभार कोण बघतं?

तुम्हाला आरशात दिसते ती त्वचेची वरची पातळ चादर. बहुतेक जागी ती कागदाइतकीच जाड असते. तिच्या पेशी तळाशी जन्मतात, वर सरकतात आणि साधारण महिनाभरात कोंड्यासारख्या झडून जातात. तिच्याखाली असते अंतस्त्वचा, म्हणजे जाड, चिवट, रक्तवाहिन्यांनी भरलेली गादी. ही गादी संयोजी ऊतकाची बनलेली असते आणि ती विणणारी पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. त्वचेला ताकद देणारं कोलॅजन आणि लवचिकपणा देणारं इलास्टिन हीच पेशी बनवते.

पूर्वी आम्हाला शिकवताना फायब्रोब्लास्टची ओळख "भराव टाकणारी पेशी" एवढीच असायची. गवंडी म्हणा ना. पण तो नुसता गवंडी नाही, मुकादम आहे. वरच्या चादरीनं किती वाढायचं, किती जाड व्हायचं, हे बरंचसं तोच ठरवतो.

पुरावा तुमच्याच हातात आहे. तळहात उलटा-सुलटा करून बघा. तळव्याची कातडी जाड, बिनकेसांची आणि मागच्या बाजूपेक्षा फिकट. का? तळव्याखालचे फायब्रोब्लास्ट डीकेके-१ नावाचं एक प्रथिन मोठ्या प्रमाणावर सोडतात. ते रंग बनवणाऱ्या पेशींना आवर घालतं आणि वरच्या थराला जाड व्हायला सांगतं. हे २००४ पासूनच्या संशोधनात दिसून आलं. अंगावरच्या इतर भागातल्या त्वचापेशी तळव्याच्या फायब्रोब्लास्टच्या शेजारी वाढवल्या, तर त्या तळव्याचं खास केराटिन बनवायला लागतात. म्हणजे पेशी दुसरीकडची, पण हुकूम खालच्याचा. कोंबडीच्या गर्भावर १९५४ मध्ये झालेला प्रयोग तर गमतीशीर आहे. पंखाच्या वरच्या थराखाली मांडीचं आतलं ऊतक बसवलं, आणि पंखावर मांडीची पिसं उगवली.

आता माणसांकडे येऊ. अनेक वर्षं शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत माणसाच्या त्वचेच्या वरच्या पेशी नीट वाढवता येत नव्हत्या. १९७५ मध्ये अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी बशीच्या तळाशी उंदराच्या फायब्रोब्लास्टचा थर ठेवला आणि त्यावर त्वचापेशी टाकल्या. त्या भराभर वाढल्या. याच पद्धतीनं १९८३ मध्ये, जवळजवळ सगळं अंग भाजलेल्या दोन लहान मुलांची उरलेली थोडीशी त्वचा प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्या अंगावर बसवली गेली आणि ती मुलं वाचली. पण पुढे डॉक्टरांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. खाली चांगली अंतस्त्वचा नसेल, तर वर बसवलेला हा थर नाजूक राहतो, त्याला फोड येतात, तो सहज सोलला जातो. जमीनच नसेल तर पेरलेलं टिकणार कुठे?

वरून निरोप, खालून रसद

खरचटलं की काय होतं ते बघा. दुखावलेल्या वरच्या पेशी रासायनिक निरोप खाली पाठवतात. फायब्रोब्लास्ट तो ऐकतात आणि वाढीचा घटक वर सोडतात. १९८९ मध्ये सापडलेला असा एक घटक केराटिनोसाइट ग्रोथ फॅक्टर म्हणून ओळखला जातो. तो बनवतात खालच्या पेशी आणि तो वाचणारी यंत्रणा असते वरच्या पेशींवर. उंदरांमध्ये जखम झाल्यावर चोवीस तासांत त्याचं जनुक शंभर पटींहून जास्त जोरानं कामाला लागलेलं आढळलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत फायब्रोब्लास्ट जखमेत शिरतात, कोलॅजनचं जाळं विणतात, नव्या रक्तवाहिन्यांना आधार देतात. त्यांच्यापैकी काही तर स्नायूसारखे आकुंचन पावून जखमेच्या कडा एकमेकींकडे ओढतात. जखम आक्रसते, खपली पडते, वण राहतो. हे सगळं कुठलंही मलम न लावता होतं. तुमच्या आजीनं लहानपणी गुडघ्यावर हळद लावली, जखम भरली आणि श्रेय हळदीला मिळालं. काम मात्र खाली दुसऱ्याच कुणीतरी केलं होतं.

मग स्टिरॉइड काय करतं?

त्वचेवर लावायचं स्टिरॉइड १९५२ मध्ये आलं आणि त्यानं त्वचारोगांचं चित्रच पालटलं. इसब, सोरायसिस यांत ते आजही उत्तम औषध आहे. सूज उतरते, लाली जाते, खाज थांबते. पण तेच स्टिरॉइड फायब्रोब्लास्टला सांगतं: काम बंद. कोलॅजन बनणं कमी होतं. मघाशी सांगितलेला वाढीचा घटकही दबतो. वरचा थर पातळ होतो, खालची गादी खचते. आधार गेल्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात आणि जाळ्यासारख्या दिसू लागतात. जिथे कातडी ताणली जाते तिथे खालची वीण फाटते, त्याच त्या जांभळ्या रेघा.

"पहिले दोन महिने छान दिसत होती" याचं रहस्य यातच आहे. स्टिरॉइडमुळे सुरुवातीला रक्तवाहिन्या आकसतात, रंग बनवणाऱ्या पेशी मंदावतात, सूज जाते. चेहरा फिकट आणि नितळ दिसतो. तो उजळपणा म्हणजे घराच्या भिंतीचा पाया उकरून वर चुना मारण्यासारखा आहे.

तुम्हाला वाटेल, डॉक्टर घाबरवतायत. मग हे ऐका. कान टोचल्यावर किंवा छातीवर पुटकुळी फुटल्यावर काहींना गाठीसारखा, जखमेची हद्द ओलांडून वाढणारा वण येतो. त्याला कीलॉइड म्हणतात. तिथे फायब्रोब्लास्ट थांबायचं विसरलेले असतात आणि कोलॅजनचे ढीग रचत सुटतात. नुसतं कापलं तर कीलॉइड बरेचदा परत येतं. मग आम्ही त्याच्यात काय टोचतो? स्टिरॉइड. कशासाठी? फायब्रोब्लास्टना गप्प बसवण्यासाठी, गाठ वितळून बसावी म्हणून.

आता विचार करा. जे औषध टणक गाठ सपाट करायला आम्ही मोजून, महिन्या-महिन्याच्या अंतरानं, एका ठिपक्यात टोचतो, त्याच जातीचं औषध आपल्या मुली गोरं व्हायला रोज रात्री अख्ख्या चेहऱ्याला चोळतात. यापेक्षा वेगळा पुरावा मला द्यायचा नाही.

दोष कुणाचा?

सोपं उत्तर आहे, पेशंटचा. "स्वतःच्या मनानं औषध घेतात." मला हे उत्तर मान्य नाही.

पहिला दोष त्या ट्यूबांचा, ज्यांत एक बुरशीनाशक, एक अँटिबायोटिक आणि एक जहाल स्टिरॉइड एकत्र कोंबलेलं असतं. सगळ्या रोगांवर एकच मलम! गजकर्ण ही बुरशी आहे. बुरशीवर स्टिरॉइड लावलं की खाज थांबते, कारण शरीराचा प्रतिकारच झोपी जातो. बुरशी मात्र मजेत वाढते, आणि तिचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरही फसतात. या वेषांतर केलेल्या गजकर्णाचं वर्णन वैद्यकीय साहित्यात १९६८ मध्येच झालं आहे. पन्नासहून अधिक वर्षं माहीत असलेली चूक आपण आजही ट्यूबमध्ये भरून विकतो. आज भारतभर जे हट्टी गजकर्ण दिसतं, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारं, त्यामागे या मिश्र मलमांचा मोठा हात आहे असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत.

दुसरा दोष विक्रीचा. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टिरॉइडच्या मलमांना मिळालेली सूट काढून घेतली. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कायदा आहे. पण तुम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणा, काय मिळतं ते बघा. वेष्टनावर आरएक्सची खूण छापलेली असते आणि ती काउंटरवरून नाण्यासारखी सरकवली जाते.

तिसरा दोष गोरेपणाच्या बाजाराचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड हे मिश्रण मूळचं वांगावरचं औषध. थोडे आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं. ते "ग्लो"ची ट्यूब म्हणून मैत्रिणी-मैत्रिणींत फिरतं. सावळी मुलगी आजारी नसते. तिला आजारी करायचं काम ही ट्यूब करते.

आणि चौथा दोष आमचा, डॉक्टरांचा. नवीन दवाखाना टाकला तेव्हा मीही कितीतरी चिठ्ठ्यांवर "मिक्स" मलम लिहिलं आहे. रांग मोठी, दिवा अंधुक, पुरळ ओळखू येत नाही, आणि पेशंटला उद्या फरक हवा. फरक पडायचाच. तो पेशंट पुढे तीच चिठ्ठी घेऊन वर्षभर मेडिकलमध्ये जात राहिला असेल, याचा विचार मी केला नाही. आज त्या चिठ्ठ्या आठवल्या की शरम वाटते. म्हणून हे लिहितोय.

जखमेवरचा अत्याचार

मलमाचं झालं, पण उलट चूकही तितकीच मोठी आहे. फायब्रोब्लास्टनी जिथे जोरात काम करायला हवं, तिथे आपण त्यांना भाजून काढतो.

मधुमेह असलेले एक आजोबा तळपायाची जखम घेऊन आले. कुरूप ब्लेडनं कापलं होतं. तीन महिने घरीच ड्रेसिंग चालू. रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं. "फेस येतो डॉक्टर, जंतू मरतात." तो फेस जंतू मेल्याचा पुरावा नाही. रक्तात आणि पेशींत असलेलं एक एन्झाइम पेरॉक्साइड फोडतं, त्यातून निघालेल्या ऑक्सिजनचे ते बुडबुडे. १९८५ मध्येच प्रयोगशाळेत दाखवून झालंय की नेहमीच्या तीव्रतेचं पेरॉक्साइड आणि पोव्हिडोन आयोडीन फायब्रोब्लास्टनाही मारतं. जखम रोज थोडी भरायला बघते आणि आपण रोज सकाळी मजुरांवर ॲसिड फेकावं तसं करतो.

मधुमेहात आधीच परिस्थिती वाईट. साखर वाढलेली, रक्तपुरवठा कमी, संवेदना गेलेली, फायब्रोब्लास्ट थकलेले आणि वाढीच्या घटकांना नीट प्रतिसाद न देणारे. अशा पायावर मलम बदलत बसून काही होत नाही. साखर ताब्यात आणणं, पायावरचा भार काढणं, रक्तपुरवठा तपासणं, मेलेलं मांस तज्ज्ञाकडून काढून घेणं, हा उपचार. आजोबांचं बोट वाचलं नाही. पाय वाचला.

"मग कोलॅजनची पावडर घेऊ का?"

हा प्रश्न हमखास येतो. कोलॅजनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा. त्वचेतून साधारण पाचशे डाल्टनच्या आतलेच रेणू सहज जातात. तेव्हा कोलॅजनचं क्रीम म्हणजे दाराच्या फटीतून हत्ती ढकलणं. वरवर ओलावा मिळेल, आत काही जाणार नाही. पावडर पोटात पचते आणि तिचे तुकडे होतात, डाळ-अंड्याच्या प्रथिनांचे होतात तसेच.

फायब्रोब्लास्टला हवं असतं ते महाग नाही. पुरेशी प्रथिनं आणि क जीवनसत्त्व. ते नसेल तर कोलॅजनचे धागे नीट वळतच नाहीत. स्कर्व्हीत जुन्या भरलेल्या जखमाही उकलायच्या त्या याचमुळे. आवळा, पेरू, लिंबू यांनी भागतं. आणि त्याचे दोन जुने शत्रू दूर ठेवायचे: विडी-सिगारेट आणि दुपारचं कडक ऊन. दोन्ही कोलॅजनचं नुकसान करतात.

म्हणजे स्टिरॉइड वाईटच का?

अजिबात नाही. हे वाचून उद्या इसब असलेल्या लेकराचं मलम बंद करू नका. ते लेकरू रात्रभर खाजवेल, कातडी फाडून घेईल, त्यात जंतू शिरतील. योग्य ताकदीचं स्टिरॉइड, योग्य जागी, योग्य दिवसांपुरतं वापरलं तर त्वचा सुरक्षित राहते. चेहरा, जांघ, काख, लहान मुलं इथे कातडी पातळ असते आणि औषध जास्त मुरतं, म्हणून तिथे जहाल स्टिरॉइड डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. माझं भांडण औषधाशी नाही, ते "साधं मलम" समजण्याशी आहे.

तेव्हा एवढं करा:

१. घरातल्या सगळ्या ट्यूबा आज बाहेर काढा. घटकांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे.

२. महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावत असाल तर स्वतःच्या मनानं चालूही ठेवू नका आणि एकदम बंदही करू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. सोडताना काही काळ चेहरा लाल होईल, आग होईल. तो काळ औषधांच्या मदतीनं निघतो.

३. गजकर्णावर स्टिरॉइड असलेलं मिश्र मलम नको. कपडे-टॉवेल वेगळे ठेवा, घरातल्या इतरांना असेल तर सगळ्यांचे उपचार एकदम करा, आणि डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध पूर्ण घ्या.

४. डॉक्टरांना विचारा, "हे किती दिवस लावायचं आणि किती?" बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते.

५. साधी जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा, झाका. स्पिरिट, पेरॉक्साइड, चुना, राख, टूथपेस्ट काही नको. कुत्रं चावलं तर मात्र साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा.

६. मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय बघा. कुरूप घरी कापू नका. जखम दिसली तर दुसऱ्याच दिवशी दाखवा, तीन महिन्यांनी नको.

ती सव्वीस वर्षांची मुलगी परवा परत आली होती. लाली बरीच उतरली आहे. शिरा अजून दिसतात, आग मात्र थांबली आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलंय, अजून काही महिने लागतील. निघताना तिनं विचारलं, "डॉक्टर, माझा पहिला रंग परत येईल ना?"

जो रंग घालवायला तिनं दीड वर्ष आणि पाच ट्यूबा खर्च केल्या, तोच परत हवा होता. मी म्हटलं, "येईल बेटा. खालच्यांना जरा काम करू दे."